फळीवरचे टोले

आयुष्यात मी कुणाचा एवढा राग केला नसेल, जेवढा एका पिवळ्या स्पंजच्या चेंडूचा केला. मोठ्या लिंबाएवढा चेंडू. उजव्या मुठीत धरायचा, दाबायचा, सोडायचा. दोन वर्षांचं पोर करील असं काम. माझी बोटं त्याच्याभोवती नुसती गोळा व्हायची, चेंडू मात्र जसाच्या तसा. एकदा संतापून मी तो भिंतीवर मारायला गेलो, तर तो माझ्याच बुटावर पडला.

गेल्या उन्हाळ्यात मला पक्षाघाताचा झटका आला. छोटा होता म्हणे. ज्यांना येत नाही त्यांना सगळेच झटके छोटे वाटतात. बोलणं शाबूत राहिलं, बायकोच्या मते जरा जास्तच शाबूत राहिलं. चालणंही लवकर सुधारलं. पण उजवा हात मनगटाच्या पुढे माझं ऐकेना. मी दोह्यातल्या एका इस्पितळात एक्स-रे काढतो. मोडक्या खांद्याखाली अलगद हात सरकवायचा, म्हाताऱ्या माणसाला न दुखवता कुशीवर वळवायचं, ही सगळी हाताची कामं. इस्पितळाने मला रजा दिली, वागवलंही चांगलं. फक्त एवढंच सांगितलं की नाताळानंतर मेडिकल बोर्ड हात तपासेल. हात चालला तर कामावर, नाही तर खलास. इथे नोकरी गेली की मुक्कामही जातो. मुलगी बारावीला होती आणि वसईला परत जाऊन या वयात मला कोण काय काम देणार, हा विचार मी दिवसभर टाळायचो.

माझा हात ज्या बाईच्या ताब्यात दिला गेला ती फिजिओथेरपिस्ट सर्बियाची. पन्नाशीची, उंच, केस अगदी बारीक कापलेले, आणि तोंडाने फटकळ. योगायोग असा की ती अबू हमूरला आमच्याच कंपाउंडमध्ये राहायची, आमच्यापासून चार व्हिला सोडून. इतकी वर्षं आमचं नातं 'गुड मॉर्निंग'च्या पुढे गेलं नव्हतं. आता ती मला 'कोम्शिया' म्हणू लागली. म्हणजे शेजारी. हा शब्द मुळात तुर्कांचा, आम्ही त्यांना घालवलं आणि शब्द ठेवून घेतले, असं तिनेच सांगितलं. तिचं इंग्रजी तुटक, माझं ऑफिसातलं. तिचं बोलणं मी इथे माझ्या मराठीत लिहितोय.

चेंडूचं आणि माझं भांडण तिने काही दिवस बघितलं. मग एका सकाळी ती घरून एक फळी घेऊन आली. हातभर लांब, मधे बारीक, दोन्ही टोकांना जरा रुंद, काळपट पडलेली. वरच्या अंगाला दोरी ओवायला भोकं. सोबत छोटा लाकडी हातोडा. तिने ती व्यायामाच्या दांड्याला टांगली, मागे जुना टॉवेल बांधला, कारण पलीकडे पेशंट झोपलेले होते, आणि हातोडा माझ्या उजव्या मुठीत कोंबून वरून पट्टी गुंडाळली.

"मार," ती म्हणाली.

"हे काय आहे?"

"सांगते. पण तू मारत राहिलास तरच. तू थांबलास की मी थांबले."

ही तिची काम करायची रीत. टोला दिला की गोष्ट पुढे सरकायची. हात लटकला की ती खिडकीबाहेर बघत गप्प उभी राहायची, पुढे काय झालं ते विचारलं तरी ताकास तूर लागू द्यायची नाही. मी मुळातला भोचक माणूस. गोष्ट अर्धी राहिली की मला जेवण जात नाही. माझी ही खोड तिने पहिल्याच दिवशी ओळखली असावी.

फळीचं नाव क्लेपालो. तुर्की अमलात त्यांच्या गावोगावच्या चर्चना घंटा वाजवायची मनाई होती. म्हणून लोक लाकडावर टोले देऊन माणसं जमवत. मग दोनशे वर्षांपूर्वी तिथल्या तुर्की सरदारांनी स्वतःच्याच सुलतानाला जुमानायचं सोडलं आणि गावांच्या प्रमुखांना वेचून वेचून मारलं. "मार," ती मधेच म्हणायची, म्हणजे मला. उरलेले लोक एकत्र आले, त्यांनी आपला पुढारी निवडला. तो डुकरांचा व्यापारी होता. हा शब्द तिने आजूबाजूला बघत, आवाज उतरवून उच्चारला आणि आम्ही दोघं हसलो. त्या हसण्यात माझा एक टोला बरोबर मधोमध बसला.

असा तो उठाव मी महिनाभर ऐकला, हातोड्याच्या हिशेबाने. गावं सुटली, बेलग्रेड हाती आलं, चर्चवर घंटा चढल्या. एके दिवशी ती म्हणाली, "शहर घेतल्यावर आमच्या लोकांनीही तिथल्या मुसलमानांना मारलं. बायकापोरांनासुद्धा. शाळेत हे आम्हाला भरभर वाचून दाखवायचे." असं सांगून ती खिडकीकडे वळली आणि गोष्ट तिथेच थांबली. त्या दिवशी मी टोले चालू ठेवले होते तरी.

मग मी तिला आमचं सांगितलं. माझे आजोबा वसईत आमच्या चर्चची घंटा वाजवायचे. शाळेत वसईच्या मोहिमेचा धडा होता. मराठ्यांनी पोर्तुगिजांचा किल्ला घेतला की आम्ही पोरं टाळ्या पिटायचो, कारण मराठे म्हणजे आपणच. घरी आलो की आजोबा सांगायचे, त्याच विजयात आपल्या घंटा उतरवून देशावर नेल्या, अजून तिथल्या देवळांत टांगलेल्या आहेत. सांगताना त्यांच्या आवाजात राग नसायचा. "वाजतायत ना? मग झालं," म्हणायचे. नवी घंटा आली ती ते वाजवायचे, आणि माझे हात दोरीला पुरायला लागल्यावर सांजेची घंटा त्यांनी माझ्याकडे सोपवली. तीन टोले, थांबायचं. पुन्हा तीन, थांबायचं. पुन्हा तीन, आणि मग सलग. दोन टोल्यांमधलं अंतर जरा चुकलं तर आजोबा खाली उभे राहून खाकरायचे. गुड फ्रायडेला घंटा मुकी असायची, तेव्हा गावातून लाकडी खटखट्या फिरवायचे. म्हणजे लाकूड मलाही नवं नव्हतं. इथे अबू हमूरच्या आमच्या चर्चला बाहेरून घंटा नाही. मिस्सा, म्हणजे आमची उपासना, मनासारखी होते, कुणाची आडकाठी नाही, पण टोला ऐकून मला वीसेक वर्षं झाली होती.

"म्हणजे तुझ्या डोक्याला माहीत आहे," ती म्हणाली. "हात विसरलाय. हाताला आठवेल. मार."

पण हाताला आठवेना. पट्टी सुटली, हातोडा मुठीत राहायला लागला, इथपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. टोले पडायचे ते लंगडे. एक जोरात, दुसरा हळू, तिसरा भलत्याच वेळी. नोव्हेंबर उजाडला, बोर्डाला दोनच महिने उरले. नेमकी त्याच आठवड्यात गोष्ट पराभवापाशी आली होती. नऊ वर्षं टिकलेला उठाव कोसळला. बाहेरच्या राजांना आपापल्या लढाया होत्या, मदतीला कुणी आलं नाही. पुढारी नदीपलीकडे निघून गेला, त्याच्यामागून माणसं होड्यांतून, ओंडक्यांवरून पळाली. गावं जळाली. घंटा पुन्हा उतरल्या.

"म्हणजे सगळं फुकट गेलं," मी म्हणालो आणि हातोडा खाली ठेवला. मी सर्बियाबद्दल बोलत नव्हतो, हे तिला कळत होतं.

"दोन वर्षांनी दुसरा झाला," ती म्हणाली. "पुढारी दुसरा. तो थोडा लढला आणि खूप बोलला. घासाघीस करत राहिला. आज एवढं द्या, उद्या तेवढं द्या. गाण्यांमध्ये पहिलाच उठाव जास्त आहे, कारण घासाघिशीची गाणी होत नाहीत. पण आम्हाला जे मिळालं ते दुसऱ्याने." मग हातोडा उचलून तिने पुन्हा माझ्या हातात दिला. "तू पण हाताशी घासाघीस कर. लढू नकोस. ओरडतोस कशाला त्याच्यावर?"

त्या दिवसापासून मी हातावर ओरडणं बंद केलं. आजारी माणसाला अशी शहाणी बाई भेटावी याला नशीब लागतं, आणि ते मला लागलं, हे मी आता मोकळेपणी म्हणतो. तेव्हा म्हणालो नाही. उलट डिसेंबरात तिच्यावरच रुसून बसलो.

त्याचं असं झालं. डिसेंबर लागल्यावर तिने सांगितलं की नॅशनल डेच्या दुसऱ्या दिवशी तिच्या घरी स्लावा आहे. सर्बियात प्रत्येक घराचा एक संत असतो, आपल्याकडच्या कुलदैवतासारखा, आणि त्याच्या दिवशी घर उघडं असतं. मेणबत्ती, मोठा गोल पाव, साखर-अक्रोड घातलेले उकडलेले गहू. त्यांचा तो उपासाचा काळ, म्हणून मांस नाही, सगळं माशाचं. मासे म्हटल्यावर मी कान टवकारले. अल वक्राच्या मासळीबाजारातून तिचा नवरा हमूर मासा आणणार होता, तो कसा भाजणार, सोबत काय, सगळं तिने रंगवून सांगितलं. फळीही ती घरी घेऊन गेली, म्हणाली, त्या दिवशी लागते. सगळं सांगितलं. फक्त 'ये' म्हणाली नाही.

मी वाट बघितली. त्यानंतरच्या प्रत्येक वेळी वाटायचं, आज म्हणेल. जाताना दारात म्हणेल. बायकोसाठी निरोप देईल. काही नाही. आता मी कसा माणूस आहे ते सांगतो. चुलत्याने लग्नाची पत्रिका घरी आणून दिली नाही, व्हॉट्सॲपवर टाकली, म्हणून मी त्या लग्नाला गेलेलो नाही. तोंडदेखलं 'या' म्हणायला काय जातं? माझी बायको या बाबतीत माझ्याहून कडक. "बोलावलं नाही तर पायरी चढायची नाही," ती म्हणाली. "आपण काय जेवायला महाग आहोत?" मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "जस्ट गो, पप्पा. मे बी शी फरगॉट." आम्ही दोघांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

नॅशनल डे झाला, समुद्राकाठच्या कॉर्निश रस्त्यावरची गर्दी आणि झेंडे टीव्हीवर बघितले. दुसऱ्या दिवशी दुपार उतरायला लागली तेव्हा कंपाउंडमध्ये आवाज आला. टक, टक, टक. टॉवेल न बांधलेली फळी मी पहिल्यांदाच ऐकत होतो, तरी ओळखली. माझ्या हाताखालची फळी ती. थोडा वेळ वाजली, थांबली. मी पेपर वाचायचं सोंग करत बसलो. अर्ध्या तासाने पुन्हा वाजली. पुन्हा थांबली. आणखी एकदा वाजली तेव्हा बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "किती ते ठोकतायत! पाहुणे बहिरे आहेत का त्यांचे?"

मग बेल वाजली. दारात नातूर उभा, म्हणजे आमच्या कंपाउंडचा वॉचमन, सिल्हेटचा, वयस्कर, दाढीला मेंदी लावणारा. ओठांना तेल लागलेलं.

"साहब," तो हिंदीत म्हणाला, "हम पूछने गया था, छुट्टी के दिन कौन ठोकाठोकी करता है. मॅडम हमको पकड़ के अंदर बिठा दिया. बोला, तुम आवाज सुनके आया, तुम मेहमान. मछली खिलाया." मग जरा घुटमळून म्हणाला, "एक कुर्सी खाली रखा है. किसी को बैठने नहीं देता. हम पूछा किसका है, तो आपका घर का तरफ देखता है. बुलाने को बोला नहीं, हम खुद आया."

मी चपला घातल्या. मला राग आलेलाच होता, आता त्यात गोंधळाची भर पडली. बायको पोळ्या लाटत होती. "तुम्ही या जाऊन. मला कुणी बोलावलंय?" ती म्हणाली आणि लाटणं जरा जोरात फिरवलं.

सर्बियन बाईच्या व्हिलाच्या छोट्या अंगणात फळी कपड्यांच्या तारेच्या खांबाला टांगलेली होती. ती दारातच उभी होती, हातात उकडलेल्या गव्हाचं ताट. डोळे लाल. मला वाटलं रडलीय, पण तिने तोंड उघडलं तेव्हा कळलं की ती रागावलीय.

"तीनदा वाजवली मी. तीनदा! हात दुखला माझा."

"तू बोलावलं नाहीस," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिच्या मेलेल्या आजीबद्दल काही वावगं बोललो होतो. "स्लावाला बोलावतात?"

मग दारात उभ्याउभ्याच तिने ती गोष्ट सांगितली, जी इस्पितळात सांगायची राहिली होती. या वेळी मला टोले द्यायला लावले नाहीत. उठाव मोडला तेव्हा तिच्या घरातली माणसं पांगली. कुणी नदीपार गेली, कुणी रानात शिरली, कुणाला धरून नेलं. पुढे माफीची दवंडी फिरली तेव्हा घरातली एक म्हातारी एकटीच परत आली. घर जळलेलं. संताचा दिवस आला. बोलावणं धाडायचं तर कुणाला? कोण जिवंत आहे हेच माहीत नाही. तिने जळक्या दाराची एक फळी टांगली आणि वाजवत बसली. ज्याला ऐकू आलं आणि ज्याला चालता आलं तो आला. कोण कुणाचा, हे जेवण झाल्यावर विचारलं. तेव्हापासून त्यांच्या घरात या दिवशी कुणाला बोलावत नाहीत. "बोलावलं तर असं होतं ना, की न बोलावता यायचा तुला हक्क नव्हता," ती म्हणाली. "फळी वाजवायची आणि ज्याची वाट बघतोय त्याची खुर्ची ठेवायची. ही तीच फळी आहे, असं वडील म्हणायचे. माझा विश्वास नाही. पण वाजवते."

नाकाला मिरच्या झोंबून घेऊन मी दुपारभर ज्या आवाजाकडे पाठ केली होती, ते मलाच बोलावणं होतं. त्यांच्याकडे याहून मोठं बोलावणं नव्हतं. मी ताटातला चमचा उचलला. डाव्या हाताने. तिने जीभ टाळ्याला लावून चक् केलं. मी हात बदलला. उजव्या हाताने गहू तोंडापर्यंत नेले, दोन-चार दाणे फरशीवर सांडले. गोड होते. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

"आता तू," ती म्हणाली आणि हातोडा पुढे केला. "माझा हात गेला कामातून."

आत चार-सहा जण बसले होते, सगळे तिच्या गावाकडचे. तिचा नवरा ॲप्रन घालून दारात आला. नातूर माझ्यामागून परत येऊन आपल्या ताटावर बसला होता, त्यानेही मान वर केली. बाहेर ऊन कलत होतं. इतकी माणसं बघताहेत म्हटल्यावर मी हातोडा उगाच घट्ट आवळला. लढू नकोस, मी स्वतःला म्हणालो. मी फळीकडे न बघता भिंतीपलीकडच्या खजुराच्या झाडाकडे बघितलं आणि वेळ कुठली आहे ते माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे ही सांजेच्या घंटेची वेळ.

तीन टोले. थांबलो. कुणीतरी खाली उभं राहून ऐकत असल्यासारखं वाटलं. तीन टोले. थांबलो. अंतर बरोबर होतं. पुन्हा तीन. आणि मग सलग, न अडखळता, हाताने आपला आपण धरलेला ठेका. मी मोजत नव्हतो. मनगट वळत होतं, बोटं हातोडा सोडत नव्हती, आणि मला थांबावंसंच वाटेना.

जानेवारीत मेडिकल बोर्डाने मला पेन धरायला लावलं, बटणं लावायला लावली, वजन उचलायला लावलं आणि कामावर परत घेतलं. आधी हलकी कामं, आता सगळी. त्या कागदाची झेरॉक्स मी जपून ठेवलीय. पण तिथे बसलो होतो तेव्हा मला भीती वाटली नव्हती, कारण माझा निकाल त्या अंगणात आधीच लागला होता. ज्या बाईने तो लावून दिला तिचे आभार मी त्या दिवशी तीन भाषांत मानले. अरबीत शुक्रन म्हणालो, थँक यू म्हणालो, मराठीतही म्हणालो. तिने तिन्ही वेळा "खा" एवढंच उत्तर दिलं.

पण ते नंतर. अजून मी फळीपाशीच होतो, सलग टोले चालू होते, तेव्हा अंगणाचं फाटक वाजलं. माझी बायको आत आली. ओढणी नाही, पायात घरातल्या सपाता, दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेने भरलेले. मागे मुलगी, मोबाइल घरी विसरून आलेली. बायको फाटकापाशी थबकली. तिला पहिल्या वेळचे टोलेही ऐकू आले होते, पण ते दुसऱ्या कुणाचे, हे तिला कळलं होतं. हे तीन, तीन, तीन वसईत तिने लहानपणापासून ऐकलेले. गेले सहा महिने मला घास भरवताना, माझ्या शर्टाची बटणं लावताना ती एकदाही रडली नव्हती. आता ती कणकेच्या हाताने डोळे पुसत होती आणि गालावर पीठ लागत होतं.

सर्बियन बाईने गव्हाचं ताट तिच्यापुढे नेलं. मग माझ्याकडे एक नजर टाकून, मुद्दाम कपाळाला आठ्या घालून तिने विचारलं, "तुला कुणी बोलावलं?"

माझ्या बायकोने पिठाने माखलेलं बोट माझ्या उजव्या हाताकडे केलं.